पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

विद्यार्थिमित्र हो, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण तुम्ही सर्वांनी प्राथमिक शाळेतच पाठ केली आहे. तिचा अर्थ विचारला तर तुम्ही तत्काळ सांगाल. परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिजकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढे चालणाऱ्याला ठेच लागली हे मागच्याला कळावयास हवे. पुढच्याने कळ गिळून, पाय झाकून, काही घडलेच नाही असा बहाणा केला, तर मागच्याला शहाणपण येणार कोठून? तोही त्याच दगडावर आपटणार. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका राष्ट्राची हकीकत सांगणार आहो की, ज्याने विसाव्या शतकात स्वतःच्या हातांनी लक्षावधी निरपराध माणसांचा संहार केला, पुढे पुष्कळ वर्षे ती गोष्ट झाकून ठेविली, आणि नंतर हळूहळू, मोठ्या कष्टाने, ती उघडपणे सांगावयास आरंभ केला. ते राष्ट्र म्हणजे जर्मनी.

हा विषय आम्ही का निवडला, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीच्या एका वर्गास आम्ही 'माझा आदर्श पुरुष' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. कोणी शिवाजीमहाराजांवर लिहिले, कोणी महात्मा फुल्यांवर, कोणी आपल्या आजोबांवर. एका हुशार मुलाने मात्र हिटलरवर लिहिले. त्याची शिस्त, त्याचे देशप्रेम, त्याचा करारी बाणा, मोडून पडलेले राष्ट्र त्याने कसे पायांवर उभे केले, हे सारे त्याने मोठ्या आवेशाने वर्णिले होते. हस्ताक्षर वळणदार, भाषा सफाईदार. आम्ही दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, वीसपैकी पंधरा गुण दिले आणि वही परत केली. त्या मुलाशी आम्ही एक शब्दही बोललो नाही. साठ वह्या तपासावयाच्या होत्या, परीक्षा तोंडावर आली होती. ही कारणे त्या वेळी पुरेशी वाटली. आज ती पुरेशी वाटत नाहीत. त्या निबंधाला जे उत्तर तेव्हाच द्यावयास हवे होते, ते आम्ही येथे उशिरा देत आहो.

प्रथम घडले काय ते थोडक्यात पाहू. ३० जानेवारी १९३३ रोजी आडोल्फ हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य प्रधान, झाला. संपूर्ण जनतेने त्यास डोक्यावर घेतले होते असे पुष्कळांस वाटते, पण ते खरे नव्हे. त्यापूर्वीच्या कोणत्याही मोकळ्या निवडणुकीत त्याच्या नाझी पक्षाला ३७ टक्क्यांहून फारशी अधिक मते मिळाली नव्हती. त्या वेळी देशात सुमारे ६० लाख लोक बेकार होते. हिटलरने त्यांच्या हातांस काम दिले हे खरे, पण त्यातील मोठा भाग तोफा, विमाने व दारूगोळा यांच्या कारखान्यांचा होता, आणि काम देतानाच त्याने कामगारांचे संघ मोडून काढले, इतर पक्षांवर बंदी घातली व विरोधकांस तुरुंगात टाकले. म्युनिक शहराजवळ डाखाऊ येथे पहिली मोठी छळछावणी मार्च १९३३ मध्येच उघडली, म्हणजे तो अधिकारावर येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. त्या मुलाने वाखाणलेली शिस्त ती हीच.

नाझींचा सर्वांत मोठा रोष यहुदी लोकांवर होता. त्या वेळी जर्मनीत यहुद्यांची वस्ती सुमारे पाच लाख, म्हणजे शंभरात एकही भरत नव्हती. तरी राष्ट्राच्या प्रत्येक दुःखाचे खापर त्यांच्या माथी फोडण्यात आले. १९३५ साली न्यूरेंबर्ग येथे केलेल्या कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर त्यांची सभास्थाने जाळली, दुकाने फोडली आणि त्यानंतर सुमारे ३०,००० पुरुषांस पकडून छावण्यांत नेले. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि त्याच्या धुरात मूळ हेतू पुरा करण्यात आला. पोलंडमधील औश्विट्झ या एकाच ठिकाणी सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांतील दहा लाखांच्या आसपास यहुदी होते. युद्ध संपेपर्यंत युरोपातील सुमारे ६० लाख यहुदी नाहीसे झाले होते. त्यांशिवाय जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिंती व रोमा जमातींचे लोक, पोलिश लोक, रशियन युद्धकैदी, आणि जर्मनांतीलच अपंग व मनोरुग्ण, हेही लक्षावधी संख्येने बळी पडले.

आम्ही शिक्षक असल्यामुळे या इतिहासातील एक गोष्ट आमच्या जिव्हारी लागते. हे सारे शाळांच्या बाहेर घडले नाही. १९३३ च्या एप्रिलमध्येच यहुदी शिक्षकांस कामावरून काढण्यास आरंभ झाला, आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये उरलेल्या यहुदी मुलांसही जर्मन शाळांतून बाहेर घालविण्यात आले. बाक रिकामे झाले, हजेरीपटावरची नावे खोडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी घंटा नेहमीच्याच वेळी वाजली. बहुतेक सर्व शिक्षक नाझींच्या शिक्षकसंघाचे सभासद झाले होते. गणिताच्या काही पाठ्यपुस्तकांत अशी उदाहरणे घातली होती की, एका वेड्या माणसावर सरकारचा रोज अमुक खर्च होतो, तर तेवढ्या पैशांत धडधाकट कुटुंबांसाठी किती घरे बांधता येतील? मुलांनी ती उदाहरणे सोडविली. शिक्षकांनी बरोबर उत्तरापुढे खूण केली. त्यांतील प्रत्येक शिक्षक क्रूर होता असे नाही. पुष्कळ जण केवळ वह्या तपाशीत होते. त्या निबंधावरील आमची लाल शाई आठवली म्हणजे आम्हांस त्यांच्याविषयी फार उंचावरून बोलवत नाही.

मे १९४५ मध्ये जर्मनीचा संपूर्ण पराभव झाला. जेत्या राष्ट्रांनी न्यूरेंबर्ग येथे न्यायासन मांडले. २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत प्रमुख नाझी पुढाऱ्यांचा खटला चालला. बारा जणांस फाशीची, सात जणांस तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि तिघे सुटले. परंतु हा न्याय परक्यांनी केलेला होता. सामान्य जर्मन माणूस उद्ध्वस्त शहरात विटा उचलीत होता, पोटाच्या विवंचनेत होता, आणि अपराध वरच्या चार-दोन माणसांचा, आम्हांस काही ठाऊकच नव्हते, असे म्हणून मोकळा होत होता. देशाचे दोन तुकडे झाल्यावर पूर्वेकडील साम्यवादी राज्याने तर आपण मुळापासूनच नाझींचे शत्रू असल्यामुळे आपला काही संबंध नाही, अशी भूमिका घेतली. ती सोडून ज्यू संहाराची जबाबदारी मान्य करण्यास तेथील लोकनियुक्त सभेला १९९० चा एप्रिल उजाडावा लागला.

या मौनाच्या काळात जी थोडी माणसे बोलली, त्यांत जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीचे काही पुढारी होते. त्यांचा प्रसंग आम्हां ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो बढाईचा नसून लज्जेचा आहे. नाझी राजवटीत मंडळीतील एका मोठ्या गटाने हिटलरचा उदोउदो केला होता. विरोध करणारे थोडे होते, आणि त्यांतीलही बहुतेक मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी लढले, यहुदी शेजाऱ्यासाठी नव्हे. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे या मंडळीच्या कार्यकारी सभेने परदेशी ख्रिस्ती प्रतिनिधींसमोर एक कबुली दिली. आम्ही अधिक धैर्य दाखविले नाही, अधिक प्रीती केली नाही, असा तिचा आशय होता. तीवर सही करणाऱ्यांत पाळक मार्टिन नीम्योलर होते. त्यांनी स्वतः आरंभी नाझी पक्षाला मत दिले होते. पुढे विरोध केल्यामुळे १९३७ ते १९४५ पर्यंत कैद भोगली. असा मनुष्य वस्तुतः आपला तुरुंगवास मिरवू शकला असता. पण ते गावोगावी फिरून, इतरांवर पाळी आली तेव्हा आपण गप्प राहिलो, हेच सांगत राहिले. लोकांस ते रुचले नाही. मंडळीतील पुष्कळांनी या कबुलीचा निषेध केला.

तथापि त्या कबुलीतही एक मोठे वैगुण्य होते. तीत 'यहुदी' हा शब्दच नव्हता. अपराध कबूल केला, पण कोणाचा केला ते सांगितले नाही. तो शब्द उच्चारावयास मंडळीला आणखी पाच वर्षे लागली. १९५० साली बर्लिनच्या वायसेनझे भागात भरलेल्या धर्मसभेने तो उच्चारला. आपणही घरात वा शाळेत 'माझे काही चुकले असेल तर क्षमा करा' असे म्हणतो. काय चुकले आणि कोणाचे नुकसान झाले, हे त्यात येत नाही, आणि म्हणून अशी क्षमायाचना जिभेला जड जात नाही. नाव घेऊन केलेली कबुलीच जड जाते. जर्मनीचा पुढचा सारा प्रवास या एका दृष्टीने पाहिला तर समजतो. तो मोघम कबुलीपासून नावांकडे झालेला प्रवास आहे.

या प्रवासातील एक थोर नाव म्हणजे फ्रिट्झ बाउअर. ते स्टुटगार्टचे यहुदी न्यायाधीश. १९३३ मध्ये नाझींनी त्यांस छावणीत डांबले. पुढे ते डेन्मार्क व स्वीडन येथे आश्रयास गेले आणि १९४९ मध्ये परत आले. हेसेन प्रांताचे प्रमुख सरकारी वकील या नात्याने त्यांनी निश्चय केला की, हा न्याय आता जर्मनांनी जर्मन न्यायालयात केला पाहिजे. त्यांच्या खटपटीने २० डिसेंबर १९६३ रोजी फ्रँकफर्ट येथे औश्विट्झच्या छावणीतील २२ जणांवर खटला सुरू झाला. ही माणसे मोठे पुढारी नव्हती. कोणी व्यापारी होता, कोणी दंतवैद्य, कोणी औषधांचे दुकान चालवीत होता, कोणी रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषा करीत होता. वीस वर्षे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत सभ्य गृहस्थ म्हणून राहिली होती. छावणीतून वाचलेल्या दोनशेहून अधिक साक्षीदारांनी त्यांच्यासमोर उभे राहून सांगितले, हा तोच मनुष्य. ऑगस्ट १९६५ मध्ये सतरा जण दोषी ठरले, त्यांतील सहा जणांस जन्मठेप झाली. शिक्षा थोड्या वाटल्या तरी त्या खटल्याने एक काम केले. पुष्कळ तरुण मुले घरी जाऊन विचारू लागली, 'बाबा, तेव्हा तुम्ही कोठे होता?'

हा प्रश्न राष्ट्राच्या नायकांपर्यंतही पोहोचला. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रँट पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, यहुदी वस्तीतील उठावाच्या स्मारकास पुष्पचक्र वाहावयास गेले. चक्राच्या फिती नीट करून ते मागे सरले आणि एकाएकी ओल्या फरसबंदीवर गुडघे टेकून बसले. ब्रँट हे स्वतः नाझींचे विरोधक. तरुणपणीच देश सोडून नॉर्वेस गेलेले. त्यांच्या अंगी वैयक्तिक दोष काहीच नव्हता. ज्यांनी गुडघे टेकावयास हवे होते त्यांच्या वतीने ते टेकले. जगाने त्यांचा गौरव केला. स्वदेशात मात्र त्या वेळी घेतलेल्या मतचाचणीत ४८ टक्के लोकांस ते कृत्य अति वाटले आणि ४१ टक्क्यांस योग्य वाटले. पालकांनी हे आकडे ध्यानात घ्यावे. योग्य गोष्ट पहिल्या दिवशी बहुमताला पटतेच असे नाही.

१९७९ च्या जानेवारीत एका यहुदी कुटुंबाची कथा सांगणारी अमेरिकन चित्रमालिका पश्चिम जर्मनीच्या दूरदर्शनवर दाखविली गेली. तीत नाट्य फार आणि इतिहास थोडा, असे टीकाकार म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. पण सुमारे दोन कोटी लोकांनी ती पाहिली. साठ लाख ही संख्या मनात मावत नाही. एका घरातली चार माणसे मावतात. ॲन फ्रँक या मुलीची दैनंदिनी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल, त्यांस आमचे म्हणणे लगेच पटेल. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मन संसदेने खुनाच्या गुन्ह्यास असलेली मुदतीची मर्यादा कायमची काढून टाकली, जेणेकरून नाझी मारेकऱ्यांवर केव्हाही खटला चालविता यावा.

८ मे १९८५ रोजी, युद्ध संपल्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष रिखार्ड फॉन वायत्सेकर यांनी संसदेत भाषण केले आणि तो दिवस पराभवाचा नसून नाझी जुलमातून सुटकेचा आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यांचे वडील हिटलरच्या परराष्ट्रखात्यातील मोठे अधिकारी होते व १९४९ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्यांस शिक्षा झाली होती. कायद्याचा विद्यार्थी असताना या मुलानेच त्यांच्या बचावाच्या कामी साहाय्य केले होते. पित्यावरील प्रेम आणि सत्याची चाड या दोहोंची ओढाताण ज्याने घरात सोसली, तो मनुष्य ते भाषण करीत होता. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा आपण मुलांस शिकवितो. त्यांच्या चुकांवर पांघरूण घालावे असा तिचा अर्थ होत नाही.

आता आम्ही ज्या दगडाकडे येणार होतो त्याकडे येऊ. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ २००५ साली यहुद्यांचे मोठे स्मारक उघडण्यात आले. वास्तुकार पीटर आयझेनमन यांनी तेथे निरनिराळ्या उंचीचे २,७११ सिमेंटचे चौथरे उभारले आहेत. राजधानीच्या मध्यभागी स्वतःच्या विजयाची कमान न उभारता स्वतःच्या अपराधाची खूण उभारणारी राष्ट्रे जगात थोडी. परंतु आमच्या मते त्याहूनही मोठे स्मारक हाताच्या तळव्याएवढे आहे.

गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने १९९२ साली कलोन शहराच्या नगरभवनासमोर पहिला दगड बसविला. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा हा ठोकळा असून त्याच्या माथ्यावर पितळेचा पत्रा असतो. बळी पडलेला मनुष्य स्वखुशीने ज्या घरात शेवटचा राहत होता, त्या घरासमोरच्या पदपथात तो बसवितात. त्यावर 'येथे राहत होता' किंवा 'येथे राहत होती' असे शब्द, खाली नाव, जन्मसाल, केव्हा व कोठे नेले, आणि पुढे काय झाले, एवढेच कोरलेले असते. एक मनुष्य, एक दगड. जर्मन भाषेत त्यास जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'ठेच लागण्याचा दगड'. प्रत्यक्षात त्यावर पाय अडखळत नाही, कारण तो रस्त्याच्या पातळीतच असतो; अडखळावयाचे ते मनाने. अक्षरे वाचावयाची तर वाकावे लागते, आणि हे वाकणे म्हणजेच नमन होय. औश्विट्झमध्ये माणसांचे नाव काढून घेऊन हातावर आकडा गोंदीत असत. येथे आकडा पुसून नाव परत दिले जाते. मे २०२३ मध्ये लाखावा दगड न्यूरेंबर्ग येथे, म्हणजे जेथे ते अन्यायी कायदे झाले त्याच शहरी, बसविण्यात आला.

या कामात शाळांचा वाटा मोठा आहे. कित्येक दगडांमागील माहिती विद्यार्थ्यांनी जुने दप्तर चाळून शोधून काढली आहे. नोव्हेंबरच्या ९ तारखेस आणि औश्विट्झची सुटका झाली त्या २७ जानेवारीस मुले फडके व पॉलिश घेऊन बाहेर पडतात आणि काळवंडलेले पितळ घासून लखलखीत करतात. एके काळी ज्या शाळांनी नावे खोडली, त्या शाळांतील मुले आज ती नावे घासून उजळीत आहेत.

परंतु सर्वांस ही रीत मान्य आहे असे नव्हे. म्युनिक शहराने २००४ मध्ये सार्वजनिक पदपथांवर हे दगड बसविण्यास नकार दिला. तेथील यहुदी समाजाच्या पुढारी शार्लोट क्नोब्लोख यांचा आक्षेप असा की, ज्यांस एकदा पायदळी तुडविले त्यांची नावे पुन्हा लोकांच्या जोड्यांखाली का द्यावी? लहानपणी एका शेतकरी ख्रिस्ती कुटुंबात लपून राहिल्यामुळे वाचलेल्या बाईंचे हे म्हणणे आहे. ते हलके मानता येत नाही. म्हणून त्या शहरात २०१८ पासून भिंतींवर व खांबांवर नावांच्या पाट्या लावतात. स्मरणाची एकच रीत बरोबर असे नाही; जखम ज्यांची, त्यांस प्रथम विचारावे, हा धडा यातून मिळतो. शिवाय एवढे करूनही तेथे द्वेष संपलेला नाही. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी, हाले शहरात एका माथेफिरूने सभास्थानावर हल्ला केला. दार भक्कम म्हणून आतले लोक वाचले, पण बाहेर दोघे प्राणास मुकले. पितळ एकदा घासून कायमचे चकचकीत राहत नाही. ते पुन्हा पुन्हा घासावे लागते.

कोणी म्हणेल, हे सारे दूर युरोपातले. आम्हांस त्याचे काय? आमचे उत्तर असे की, ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आलेली आहे. कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदीच. ते शतकानुशतके आपल्या शेजारी निर्भयपणे राहिले. नाझींच्या छळातून सुटलेली काही माणसे मुंबईस आली. त्यांत वाल्टर काउफमान हे यहुदी संगीतज्ञ १९३४ साली आले. आकाशवाणीची जी प्रारंभधून पालकांनी लहानपणी पहाटे ऐकली असेल, ती त्यांचीच रचना म्हणून मानली जाते. मराठा पलटणीतील यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत जर्मन मशीनगनीशी झुंजताना पडले. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकास महात्मा गांधींनी १९३४ मध्ये आपल्याकडे येऊन राहण्याचे निमंत्रण दिले होते. ते येऊ शकले नाहीत, आणि हिटलरला विरोध केल्यामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांस फासावर चढविण्यात आले. त्याच दिवशी इटलीत सेनिओ नदीच्या काठी, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव या शिपायाने जखमी सोबत्यांस गोळीबारातून वाहून नेऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला.

अशा भूमीत हिटलरचे 'माइन काम्फ' हे पुस्तक इंग्रजीत आणि मराठी अनुवादात पदपथावरील दुकानांत खुशाल विकले जाते, आणि तेही यशाचा मार्ग दाखविणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी. जर्मनीत काय झाले पाहा. या पुस्तकाचे हक्क बव्हेरिया सरकारकडे होते व त्याने १९४५ नंतर ते छापू दिले नाही. २०१५ अखेर हक्काची मुदत संपली, तेव्हा म्युनिक येथील इतिहाससंशोधन संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये त्याची दोन खंडांची आवृत्ती काढली आणि तीत सुमारे ३,५०० टीपा देऊन पानोपानी असत्य कोठे आहे ते उघड केले. आपल्याकडील प्रतींत अशी टीप सहसा नसते. हिटलरने त्या पुस्तकात हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची धडपड करणाऱ्यांची टवाळी केली असून हा देश इंग्रजांच्याच अमलाखाली राहिलेला बरा, असे मत दिले आहे. त्यास देशभक्तीचा आदर्श मानणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान वाचले असेल? आपले मंगल स्वस्तिक आणि नाझींचे तिरपे केलेले आकडीदार चिन्ह यांतील भेदही मुलांस सांगावा लागतो. आणि एखाद्या कडक मास्तरांस, किंवा घरी आजीस, गमतीने 'हिटलर' म्हणण्याची जी चाल पडली आहे, तीमुळे त्या नावातील विष निघून जाते व केवळ शिस्त तेवढी उरते. त्या निबंधाचे बीज अशाच ठिकाणी पडले असले पाहिजे.

तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने आम्हांस क्षमा करावी. त्याचा निबंध चुकला याहून आम्ही त्याच्याशी बोललो नाही, हा दोष मोठा. पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने घरी 'तेव्हा काय झाले होते?' असे विचारले, मग तो प्रश्न कुटुंबाविषयी असो, जातीविषयी असो, धर्माविषयी असो की गावाविषयी असो, तर त्यास गप्प बसवू नये. आपल्याही गावांत कोणास पाणवठ्यावर येऊ दिले नाही, कोणाचे नाव हजेरीपटावर चढलेच नाही, हे मुलांनी विचारले तर खरे सांगावे; आणि आठवत असेल तर त्या माणसाचे नावही सांगावे.

आणि विद्यार्थिमित्र हो, तुमच्या वर्गात जो एकटा बसतो, ज्याच्या नावाची वा बोलण्याची टिंगल होते, त्याचे नाव तुम्ही नीट उच्चारावयास शिका. जर्मन शाळांतील बाक एका दिवसात रिकामे झाले नाहीत. आधी कोणी तरी हसले, कोणी तरी सरकून बसले, आणि पाहणारे वही उघडून आपले गणित सोडवू लागले. दगड कोठे आहे हे पुढच्याने सांगितले आहे. आता पाहून पाऊल टाकणे आपल्याकडे आहे.